वाळूतलं तेल आणि तीनशे व्होल्ट

माझा धंदा रेक्टिफायरचा. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत, गरवारे पॉइंटपासून आत, छोटा गाळा आहे. धातूवर विजेने मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगवाल्यांना लागणारे डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचे, सप्लाय बनवतो, जुने दुरुस्त करून देतो. निकेल, झिंक, हार्ड क्रोम, ज्याला जसा करंट हवा तसा. भाची पुण्यात पेट्रोलियम इंजिनिअरिंग शिकते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिचा फोन आला, "मामा, मला वाळूतून करंट सोडायचाय. तुमच्याकडचा एखादा रेक्टिफायर द्याल?" मी विचारलं, "किती व्होल्ट, किती अँपिअर?" ती म्हणाली, तेच तर तुम्हाला विचारायला फोन केलाय.

विषय होता जाड तेल विजेने बाहेर काढण्याचा. जमिनीखालचं सगळंच कच्चं तेल पातळ नसतं. एपीआय या घनतेच्या मापात (आकडा जितका कमी तितकं तेल जड) २२.३ अंशांच्या खाली गेलं की त्याला जड म्हणतात, आणि १० अंशांच्या खाली तर ते पाण्यातही बुडतं. असं तेल खडकाच्या बारीक छिद्रांत अडकून बसतं; विहीर खणली तरी येत नाही, पंप लावला तरी हळूहळूच येतं. हा प्रश्न काही फक्त कॅनडा-व्हेनेझुएलाचा नाही. गुजरातेत मेहसाण्याजवळ बालोल आणि संथाल इथे जड तेल आहे. तिथे ओएनजीसी जमिनीत हवा दाबून थोडं तेल आतच जाळते आणि त्या धगीने बाकीचं पातळ करते. बालोलला त्याचा पहिला प्रयोग १९९० मध्ये सुरू झाला, आणि १९९७ पासून व्यापारी पातळीवर काम चालू झालं. राजस्थानात बाघेवाल्याला ऑइल इंडिया विहिरीत वाफ सोडते. बाडमेरच्या मंगलाचं तेल तसं जड नाही, पण त्यात मेण इतकं की साध्या तापमानाला थिजतं. म्हणून तिथून गुजरातच्या किनाऱ्याकडे आलेली जवळपास ६७० किलोमीटरची पाइपलाइन विजेने गरम ठेवावी लागते. हे शेवटचं ऐकल्यावर मी कान टवकारले. पाइप तापवता येतो, तर खडक का नाही?

तापवता येतो, पण खडकात हीटर घालून फार काही साधत नाही, कारण दगड-वाळू उष्णता फार सावकाश पुढे नेतात. हीटरजवळचं तेल जळून कोळसा होईल आणि दोन मीटरवरचं तसंच थंड राहील. म्हणून करंट खडकातूनच वाहू द्यायचा. आता तेल वीज वाहून नेत नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये आपण तेल भरतो ते त्याचसाठी. वाळूसुद्धा नेत नाही. नेतं ते दोघांच्या मधल्या फटींत उरलेलं खारं पाणी. करंट पाण्यातून जातो, पाणी तापतं, पाण्याला चिकटून असलेलं तेल तापतं आणि पातळ होतं. हा झाला एसीचा, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या विजेचा, मार्ग. डीसीचा मार्ग थोडा वेगळा, त्याच्याकडे पुढे येतो. रेडिओ लहरींचाही एक मार्ग आहे. तो आमच्या गाळ्यात जमणारा नव्हता.

भाचीच्या गाइडबाईंनी तिला एकच प्रश्न देऊन पाठवलं होतं: जास्तीचं तेल निघालं, तर ते विजेने निघालं की उष्णतेने, हे वेगळं करून दाखव. वरकरणी चावटपणा वाटतो. आम्हाला मात्र सगळा हिवाळा याच प्रश्नाने कामाला लावलं.

नळी ॲक्रिलिकची घेतली, आतून ७५ मिलिमीटर व्यासाची, ६०० मिलिमीटर लांब. लोखंडी पाइप चालला नसता, करंट वाळू सोडून पाइपातूनच गेला असता. दोन्ही तोंडांना नायलॉनच्या फ्लँज, ओ-रिंग, आणि आत जाळीचे इलेक्ट्रोड. वाळूसाठी हेल्पर म्हणाला, गोदावरीची आणू. पण आपल्याकडची नदीची वाळू बेसॉल्टची, काळी. चुंबक फिरवला तर कण चिकटून येतात. भाचीला स्वच्छ सिलिका हवी होती. ती सातपूरच्या एका फाउंड्रीवाल्याकडे मिळाली, सिंधुदुर्गातून येते ती, साच्यांसाठी वापरतात. खरं कच्चं तेल मिळवणं म्हणजे परवानग्यांचा खेळ, त्यामुळे व्हीजी ६८० ग्रेडचं साधं खनिज तेल घेतलं. हा आकडा म्हणजे ४० अंशांना त्या तेलाची सेंटिस्टोक्समधली विष्यंदिता, म्हणजे घट्टपणा. तेच तेल १०० अंशांना पस्तीस-चाळीसवर येतं. गिअर ऑइल दुकानात सहज मिळालं असतं, पण त्यात मिसळलेली रसायनं, ॲडिटिव्ह, पाण्या-तेलाच्या सीमेवर जाऊन बसतात आणि निकाल बिघडवतात, म्हणून ते नको, असं भाचीने बजावलं होतं. डिसेंबरातल्या नाशिकच्या सकाळी तो डबा उघडला की तेल काकवीसारखं चमच्यावरून खाली यायलाच तयार नसायचं.

मग सप्लायचा हिशेब. माझ्याकडचे रेक्टिफायर १२ व्होल्ट आणि पाचशे-हजार अँपिअरचे; प्लेटिंगच्या टाकीत रेझिस्टन्स नसल्यासारखाच असतो. इथे उलटं. लिटरला १० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्याने नळीतली वाळू पूर्ण भरली तर दोन टोकांत दोन-तीनशे ओहम. पण तेल आत ढकलून पाणी छिद्रांच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी उरलं की तोच रेझिस्टन्स दहापटीने वाढतो आणि काही हजार ओहमवर जातो. पाणी उरतं, पण त्याच्या वाटा बारीक होतात, तुटतात. आर्ची नावाच्या माणसाने १९४२ मध्ये याचं सूत्र दिलं. तेलविहिरीत वायर सोडून खाली तेल किती आहे ते आजही त्याच सूत्राच्या आधाराने ओळखतात. माझ्या १२ व्होल्टने या नळीला गुदगुल्यासुद्धा झाल्या नसत्या. म्हणून वेगळाच सप्लाय बांधला: आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, त्याच्या पुढे व्होल्टेज कमी-जास्त करणारा डिमरस्टॅट, शून्य ते तीनशे व्होल्ट, दोन अँपिअर, आणि एका चेंजओव्हरने एसी किंवा डीसी. झाकण उघडलं की लिमिट स्विचने सप्लाय बंद, समोर लाल मश्रूम बटण. डीसीसाठी कॉन्टॅक्टर, म्हणजे सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच, मोठा घेतला. एसी दर सायकलला दोनदा शून्यावर येते, तिची ठिणगी आपोआप विझते. तीनशे व्होल्ट डीसीचा आर्क तसा विझत नाही, ताणला तरी जळत राहतो.

नळी भरणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि सगळा प्रयोग त्यावरच उभा. खारं पाणी आधी, त्यात वाळू थोडी थोडी सोडायची, बाहेरून लाकडी हातोडीने ठोकत राहायचं, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. छिद्रांचं एकूण माप लिटरभर निघालं. मग एका टोकाने तेल दाबायचं. दुसऱ्या टोकाने पाणी येतं, येतं, आणि एका क्षणी फक्त तेल यायला लागतं. यालाच रात्र रात्र जायची. मग तशीच ठेवून द्यायची, आणि मग खरी चाचणी: पुन्हा पाणी दाबून किती तेल परत मिळतं ते मेजरिंग सिलिंडरमध्ये मोजायचं.

वीज न लावता जे झालं ते डोळ्यांनी बघण्यासारखं होतं. पाणी तेलाला पुढे ढकलत नाही, त्यातून बोटं काढत घुसतं. पारदर्शक नळीत ती बोटं दिसतात. एक बोट दुसऱ्या टोकाला पोचलं की खेळ संपला. पुढचं सगळं पाणी त्याच वाटेने जातं आणि आजूबाजूचं तेल जागेवर. पंप चालू, सिलिंडर भरतोय, पण त्यात पाणीच.

आता एसी. नळीला ग्लासवूल गुंडाळली, तीन ठिकाणी तापमान मोजणारे के-टाइप थर्मोकपल घातले, डिमर हळूहळू वर नेला. सुरुवातीला वायरीभोवती चिमट्यासारखा लावतात त्या टोंग टेस्टरला पकडता येणार नाही इतका कमी करंट, शंट लावून मोजायला लागला. पण तापमान चढलं तसा करंटही चढला, कारण खारं पाणी दर अंशाला साधारण दोन टक्के जास्त चांगलं वाहक होतं. दुपारपर्यंत नळी साठ अंशांवर. पाणी सोडलं, आणि या वेळी बोटं आखूड आणि जाड निघाली, तेल पुढे सरकताना दिसलं. सिलिंडरमधला तेलाचा थर बघून हेल्पर म्हणाला, "झालं की! आता पेढे." मीही खूश होतो. भाचीने मात्र शांतपणे बॅगेतून हीटिंग टेप काढली.

दुसरी नळी तशीच भरली, बाहेरून टेप गुंडाळली, तेवढंच तापमान, करंट शून्य. निकाल जवळजवळ तोच आला. थोडाफार फरक होता, पण नळी भरण्यातच तेवढा फरक पडतो. म्हणजे एसीने जे केलं ते गरम करण्याचं काम होतं, जादू नाही. माझ्या मते हा निकाल निराशेचा नव्हताच. उलट आता नेमकं काय विकत घ्यायचंय ते कळलं: उष्णता, ती योग्य जागी, आणि स्वस्तात.

योग्य जागी म्हणजे कुठे, ते ड्रमने शिकवलं. खऱ्या विहिरीत करंट सरळ नळीतून जात नाही, विहिरीपासून चहूकडे पसरतो. म्हणून एक पसरट प्लास्टिकचा ड्रम घेतला, मधोमध छिद्रांची नळी आणि तिच्यात ग्रॅफाइटचा रॉड, कडेला गोल जाळी, मध्ये तेलवाळू. वीज लावली आणि थर्मोकपलने एक एक जागा तपासत गेलो. कडेला काहीच नाही, मधल्या रॉडजवळ हात लावणं अशक्य. हिशेब सरळ आहे: अंतर निम्मं झालं की करंटची दाटी दुप्पट, आणि उष्णता चौपट. थोड्या वेळाने रॉडभोवती सूं सूं आवाज आला, वाफेचा बारीक धूर निघाला आणि ॲमीटरचा काटा खाली यायला लागला. व्होल्ट वाढवले, काटा क्षणभर उठला आणि आणखी खाली गेला. रॉडभोवतीचं पाणी उकळून गेलं होतं. कोरड्या वाळूतून आणि तेलातून वीज जाणार कशी? सगळं सर्किट त्या दोन बोटं कोरड्या कड्यापाशी तुटलं होतं.

याच्यावर उपाय तेलक्षेत्रात करतात तोच केला: मधल्या नळीत मिठाचं पाणी थेंब थेंब सोडत राहायचं. सलाइनची बाटली आणि तिचा चाकाचा क्लँप मेडिकलमधून आणला. थेंब सुरू झाले तसा काटा वर चढला आणि टिकला. त्या पाण्याने आणखी एक काम केलं, रॉडजवळची जास्तीची उष्णता उचलून ते बाहेरच्या वाळूत घेऊन गेलं. ते बघून मला पटलं, की या कामात विजेपेक्षा पाण्याची व्यवस्था अवघड. पॅनल कोणीही बांधून देईल. जमिनीखाली शेकडो मीटरवर इलेक्ट्रोड ओला ठेवणं हे खरं इंजिनिअरिंग.

राहिला डीसी. यावर कागदोपत्री दावे पुष्कळ आहेत, आणि कॅलिफोर्नियातल्या सांता मारिया खोऱ्यात आणि कॅनडातल्या अल्बर्टात प्रत्यक्ष विहिरींवर चाचण्याही झालेल्या आहेत. मूळ गोष्ट जुनी आहे. मॉस्कोत रॉइस या शास्त्रज्ञांनी ओल्या मातीतून वीज सोडली तेव्हा पाणी धन टोकाकडून ऋण टोकाकडे सरकताना दिसलं. ते त्यांनी १८०९ मध्ये छापलं. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, त्यांना लगटून असलेल्या पाण्याच्या थरात धन आयन, म्हणजे धन भाराचे कण, जास्त. वीज लावली की ते आयन ऋण टोकाकडे निघतात आणि पाण्याला ओढत नेतात. १९३० च्या दशकात जर्मनीत कासाग्रांदे या इंजिनिअरांनी याच युक्तीने पाणथळ माती घट्ट केली होती.

इलेक्ट्रोडच्या बाबतीत इथे माझा धंदा उपयोगी पडला. भाचीने एसएसची, म्हणजे स्टेनलेस स्टीलची, जाळी आणली होती. खाऱ्या पाण्यात एसएस ॲनोडला, म्हणजे धन टोकाला, लावलं तर ते विरघळतं, आणि त्यातला क्रोमियम पाण्यात उतरणं ही काय भानगड असते ते क्रोम प्लेटिंगवाल्याला सांगायची गरज नाही. म्हणून ॲनोडला कोटिंगवाली टायटॅनियम जाळी, कॅथोडला, म्हणजे ऋण टोकाला, एसएस. मिठाच्या पाण्यात ॲनोडला क्लोरीन निघतो, कॅथोडला हायड्रोजन. एक अँपिअर करंट तासभर वाहिला तर हायड्रोजन ४०० मिलिलिटरच्या वर जमतो. आमचा करंट त्याच्या पासंगालाही नव्हता, तरी एक्झॉस्ट फॅन चालू आणि शटर अर्धं वर, थंडी वाजली तरी.

स्वच्छ वाळूत डीसीने फारसं काही केलं नाही. पाण्यात मीठ जास्त असलं की कणांभोवतीचा तो आयनांचा थर दबून पातळ होतो, ओढ कमी होते, करंट मात्र वाढतो आणि त्याची नुसती उष्णता होते. मग वाळूत थोडी चिनी माती मिसळली आणि मीठ अगदी कमी केलं. साठ सेंटिमीटरला साठच व्होल्ट, म्हणजे तापमानात फरक पडायला नको. तो पडलाही नाही. पाण्याची बाटली स्टँडवर ठरावीक उंचीला. बाहेरच्या टोकाला थेंब मोजत बसलो. मग पाणी शिरतं त्या टोकाला धन आणि बाहेरच्या टोकाला ऋण जोडून स्विच दिला. थेंबांची लय बदलली, अगदी कानाला कळेल इतकी. मग चेंजओव्हर फिरवून टोकं उलटी केली, आणि थेंब रेंगाळायला लागले. बाटली तीच, उंची तीच, तापमान तेच. माझ्यासारख्या आयुष्यभर डीसी विकणाऱ्याला विजेने पाणी ढकललेलं पहिल्यांदा दिसत होतं.

गाइडबाईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं, पण अर्धंच. पाणी वाढलं हे नक्की. त्याच्याबरोबर आलेलं तेल थोडंसंच वाढलं. आणि काही तासांनी परिणाम ओसरत गेला. लिटमस लावला तर ॲनोडकडे लालभडक, कॅथोडकडे निळा. आम्लाची ती लाट मातीतून पुढे सरकते तशी कणांवरचा ऋण भार कमी करत जाते. खऱ्या जड तेलात आम्लं असतात, कॅथोडकडचा अल्कली त्यांचा साबण करून तेल सुटायला मदत करू शकतो. आमच्या स्वच्छ खनिज तेलात ते होणार नव्हतंच. भाचीने रिपोर्टमध्ये हे सगळं जसंच्या तसं लिहिलं, वाढवून काही नाही.

पैशाचा हिशेब मी एका डिलिव्हरी चलनाच्या कागदामागे केला. एक घनमीटर तेलवाळू ५० अंशांनी तापवायला साधारण ३२ युनिट, गळती न धरता. त्यात तीस टक्के छिद्रं आणि त्यांतला सत्तर टक्के भाग तेलाचा धरला तर तेल २१० लिटर, म्हणजे सव्वा बॅरलच्या आसपास. आणि तेही सगळं निघणार नाही. अख्खा खडक तापवायचा म्हटला तर वाफ किंवा आग परवडते.

भाचीने त्याच कागदावर दुसरा हिशेब मांडला. विहिरीची त्रिज्या १० सेंटिमीटर आणि तेल १०० मीटरवरून येतंय असं धरलं, तर वाटेत जितका दाब खर्च होतो त्यातला जवळजवळ निम्मा शेवटच्या तीन मीटरांत होतो, कारण सगळ्या दिशांनी येणाऱ्या तेलाला तिथे दाटीवाटीने शिरायचं असतं. तेवढंच कडं तापवून तेल पाण्यासारखं पातळ केलं तर विहीर जवळजवळ दुप्पट वाहील. पाच मीटर जाडीच्या थराला ते एकदा तापवायचे साडेचार हजार युनिट. पुढे निघणारं तेल जी उष्णता घेऊन जाईल ती भरत राहायची. म्हणजे ड्रममध्ये जी अडचण वाटली होती, उष्णता सगळी मधोमधच जमते ही, तीच कामाची निघाली. फक्त ते कडं कोरडं पडू द्यायचं नाही. थर पातळ असेल, खोल असेल, वाफ वाटेतच थंड होत असेल, तिथे हे गणित जमू शकतं. वाफेने जिथे भागतंय तिथे मी तरी वीज विकायला जाणार नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी तिला नेमकं याच तीन मीटरांवर धरलं, आणि ती नीट उत्तरं देऊन आली.

कुणाला असा प्रयोग करायचा असेल तर दोन-तीन गोष्टी. ॲक्रिलिकची नळी टोल्युइनने धुऊ नका, ती पांढरी पडून चरे जातात, रॉकेल चालतं. थर्मोकपलचं टोक उघडं ठेवलं तर वाळूतला व्होल्टेज मीटरमध्ये घुसतो आणि मीटर काहीही आकडे दाखवतो. टोकाला टेफ्लॉनची नळी चढवा, आणि रीडिंग घेताना सप्लाय क्षणभर बंद करा. तेलकट वाळू नाल्यात किंवा घंटागाडीत नाही टाकायची. आम्ही ती प्लेटिंगच्या गाळाबरोबर ड्रममध्ये सील करून अधिकृत घातक कचऱ्यात पाठवली. त्याची पावती कॉलेजने मागितली, आणि बिल मात्र अजून माझ्याकडेच आहे.